पॅलेस थिएटर पुन्हा उभे करताना : एक प्रतिवाद

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडली ती तारीख नेमकी त्याच केशवरावांच्या जयंतीची होती. त्या सकाळी छप्पर कोसळलेल्या प्रेक्षागृहापुढे जमलेल्या नटांच्या, पडद्यामागच्या कामगारांच्या आणि सामान्य रसिकांच्या तोंडी एकच मागणी होती : हे नाट्यगृह होते तसे, होते तेथेच पुन्हा उभे राहिले पाहिजे. शासनाने निधी जाहीर केला, महापालिकेने पुनर्बांधणीचे काम अंगावर घेतले. परंतु शोकाचा पहिला भर ओसरल्यावर दुसराच सूर उमटू लागला, आणि तो उमटवणारी माणसे नाट्यद्वेष्टी नसून त्यांतील कित्येक विचारी व बहुश्रुत आहेत, म्हणूनच त्याचा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जळाले ते परत येत नाही, सबब आता जे उभे राहील ती केवळ नक्कल असेल. शिवाय गेल्या शंभर वर्षांत या वास्तूत इतके फेरफार झाले की मूळ म्हणून कशाकडे बोट दाखवावे हाच प्रश्न आहे. तेव्हा भावनेच्या आहारी न जाता त्याच जागेवर आधुनिक, बहुउद्देशीय, वाहनतळासह संकुल बांधावे, आणि उरलेला पैसा पाणी, रस्ते व पूरनिवारण यांकडे वळवावा.

या युक्तिवादाचा मला सर्वांत घातक वाटणारा भाग बहुउद्देशीयतेचा आहे. इतर आक्षेप बव्हंशी त्याच्या आधाराने उभे आहेत. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेले, युरोपात फिरले, आणि रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या भव्य मैदानाची कल्पना रुजली, असे परंपरेने सांगितले जाते. त्या कल्पनेचे मूर्त रूप म्हणजे खासबाग. सुमारे १९१२ साली हे मैदान सिद्ध झाले, तीस हजारांच्या घरात प्रेक्षक त्यात बसतात, आणि मध्यभागी चाललेली कुस्ती वर्तुळाच्या कोणत्याही पायरीवरून विनासायास दिसते. लगोलग, १९१३ साली, त्याच मैदानाला पाठ लावून या नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि १९१५ साली ते पूर्ण होऊन त्यास पॅलेस थिएटर हे नाव मिळाले. मल्लविद्या व नाट्यकला या दोन्ही विद्यांचा सारखाच शौक असलेला, दोन्हींना राजाश्रय देणारा, जागा, मजूर, दगड आणि हुकूम ही सर्व साधने हाताशी असलेला हा राजा दोन्ही कार्यांसाठी एकच प्रचंड दालन बांधू शकला असता, आणि दरबारच्या कारभाऱ्यांना त्यात काटकसरही दिसली असती. पण त्याने तसे केले नाही. भिंतीला भिंत लागून, परंतु स्वभावाने अगदी भिन्न अशा दोन वास्तू त्याने उभ्या केल्या. कारण कुस्ती ही डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट आहे आणि नाटक हे डोळ्यांइतकेच, किंबहुना आपल्या संगीत नाटकाच्या परंपरेत डोळ्यांहूनही अधिक, कानांनी घेण्याची गोष्ट आहे, हा भेद त्या वास्तूंची योजना करणाऱ्यांना पूर्णपणे उमगलेला होता. एकीकडे तीस हजारांची गर्दी मोकळ्या आभाळाखाली, तर दुसरीकडे मर्यादित प्रेक्षकसंख्या, बंदिस्त छप्पर, आणि आड येणारा एकही खांब नसलेले प्रेक्षागृह. शंभर वर्षांपूर्वी ज्या नगरीत हा विवेक दगडमातीत उतरला, त्याच नगरीत आज 'एकाच छताखाली सर्व काही' हा पुरोगामी विचार म्हणून मांडला जावा, याचे मला मनापासून दुःख होते.

बहुउद्देशीय दालनाविषयीची माझी हरकत केवळ रुचीची नाही. ती शास्त्राची आहे. वॉलेस सबाइन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाला १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहाचा दोष दूर करण्याचे काम देण्यात आले. तेथे वक्त्याचा शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, आणि एक शब्द विरण्यापूर्वी पुढचे कितीतरी शब्द त्यावर येऊन आदळत. सबाइनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांवरील गाद्या रात्री उचलून आणाव्यात, त्या दालनात पसराव्यात, घुमारा किती वेळ टिकतो ते मोजावे, आणि पहाटेपूर्वी गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवाव्यात, असा क्रम कित्येक रात्री चालवला. त्यातून जो नियम निघाला त्यावर आजचे दालनांचे ध्वनिशास्त्र उभे आहे : दालनाचे घनफळ वाढले की घुमारा वाढतो, आणि गाद्या, पडदे, गालिचे, माणसांची शरीरे अशा ध्वनी शोषून घेणाऱ्या वस्तू वाढल्या की तो घटतो. बोललेला शब्द स्पष्ट पोहोचायचा तर घुमारा एका सेकंदाच्या आसपास हवा. वाद्यवृंदाच्या संगीताला तो दोन सेकंदांच्या जवळ जाणारा मानवतो. याचा अर्थ असा की, ज्या दालनात सकाळी परिसंवाद, दुपारी लग्न, सायंकाळी वाद्यवृंद आणि रात्री नाटक करायचे, ते दालन यांपैकी प्रत्येक कार्यासाठी थोडेथोडे चुकीचेच असणार, आणि ती चूक झाकण्यासाठी नटाच्या गळ्यापुढे ध्वनिक्षेपक लावावा लागणार. मराठी नाटकाला ध्वनिक्षेपकाची जी आज इतकी सवय जडली आहे, तिचे मोठे कारण नटांचा आळस नव्हे, गावोगावच्या बहुउद्देशीय सभागृहांचे विस्कळीत घनफळ हे आहे.

संगीत नाटकाची गरज तर याहूनही नाजूक, कारण त्यात गद्य आणि पद शेजारी शेजारी नांदतात. पद रेंगाळले तर शोभते. संवाद रेंगाळला तर नासतो. या दोहोंच्या मधला जो तोल पॅलेस थिएटरसारख्या वास्तूंनी साधला होता, तो ज्या काळात साधला गेला त्या काळात नटापाशी स्वतःच्या फुप्फुसांखेरीज दुसरे साधन नव्हते. केशवराव भोसले हे त्या युगाचे एक श्रेष्ठ प्रतिनिधी. कोल्हापुरातच १८९० साली जन्मलेला, बालवयात नाटक मंडळीत गेलेला हा मुलगा १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, हुबळीस 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी स्थापन करतो. १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा जो संयुक्त प्रयोग झाला त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभा राहतो. आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, जगाचा निरोप घेतो. या पिढीचा रंगभूमीवरचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून, म्हणजे अत्यंत तोकड्या रूपात. तो आवाज किती दूर जात असे, किती मोठ्या जनसमुदायाला तो पुरत असे, त्याला केवढ्या मोकळ्या पोकळीत स्वतःला पसरावे लागे, याचा प्रत्यक्ष पुरावा तबकडीत नाही. तो त्या काळच्या नाट्यगृहांच्या लांबी-रुंदी-उंचीत आहे. म्हणून १९५७ साली या वास्तूला केशवरावांचे नाव देण्यात आले तेव्हा, कोणी तसे योजले असो वा नसो, एका नटाचे नाव योग्य त्या दस्तऐवजावर घातले गेले.

आता नकलेच्या आक्षेपाकडे वळतो. जळाले ते परत येत नाही, हे विधान लाकडाच्या बाबतीत निर्विवाद खरे आहे. नाट्यगृहाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. नाट्यगृह म्हणजे त्यातील तुळया नव्हेत. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर, कोन, उंची आणि पोकळी यांची जी ठराविक व्यवस्था, तिला आपण नाट्यगृह म्हणतो. कोल्हापूरपासून अवघ्या काही कोसांवर मिरजेत तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. तारा झिजल्या तर ते बदलतात, खुंट्या बदलतात, जवारी पुन्हा काढतात, आणि भोपळा फुटला तर त्याच घेराचा दुसरा भोपळा शोधतात. घेर बदलला तर मात्र तो तंबोरा दुसरा झाला हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. शिवाय कोल्हापुरात तर भोपळाही सगळा फुटलेला नाही : आगीत रंगमंच, छप्पर आणि आसने गेली, तरी दर्शनी भाग आणि दगडी भिंतींचा बराचसा इमला उभा राहिला. या भिंती ज्या मापाने घातल्या गेल्या, ते माप अजून तेथे आहे. त्या मापाला धरून जे पुन्हा बांधले जाईल त्याला नक्कल म्हणणे हा भाषेचा अन्याय आहे. उलट त्या भिंती पाडून किंवा आतून पोखरून भलत्याच आकाराचे दालन त्यांच्या पोटात घातले, तर जुन्या मुखवट्यामागे दुसराच चेहरा उभा राहील, आणि नकलेचा आरोप तेथे सर्वस्वी लागू पडेल.

व्हेनिसचे ला फेनिचे नाट्यगृह याच वादातून गेले आहे. १७९२ साली उभारलेले हे नाट्यगृह १८३६ साली जळाले आणि एका वर्षात पुन्हा उभे राहिले. व्हेर्दीचे 'रिगोलेत्तो' आणि 'ला त्राव्हियाता' यांचे पहिले प्रयोग त्या दुसऱ्या वास्तूत झाले. २९ जानेवारी १९९६ च्या रात्री ते पुन्हा जळाले, आणि गाळ उपसण्यासाठी भोवतीचे कालवे कोरडे केलेले असल्यामुळे अग्निशामक नौकांना जवळही जाता आले नाही. 'होते तसे, होते तेथे' हे तेथील नागरिकांचे घोषवाक्य ठरले, तेव्हा अनेक वास्तुविशारदांनी त्यावर हेच आक्षेप घेतले जे आज आपल्याकडे ऐकू येतात. अल्दो रॉस्सी यांच्या आराखड्यानुसार काम झाले आणि डिसेंबर २००३ मध्ये नाट्यगृह पुन्हा खुले झाले. मला या हकिकतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, १९९६ साली जे जळाले ते स्वतःच एक पुनर्बांधणी होती, आणि दीडशे वर्षांत तिला नक्कल म्हणण्याची कोणाला आवश्यकता भासली नव्हती. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : आग लागण्यापूर्वी सुमारे दोन महिने इटालियन ध्वनितज्ज्ञांनी त्या प्रेक्षागृहाच्या ध्वनिगुणांची पद्धतशीर मोजणी करून ठेवली होती. तो घुमारा किती सेकंदांचा होता, कोणत्या स्वराला किती काळ साथ मिळत होती, कोणत्या आसनावर शब्द किती स्वच्छ पोहोचत होता, हे कागदावर होते. व्हेनिसच्या लोकांना आपण काय गमावले हे आकड्यांत ठाऊक होते, आणि म्हणून काय परत मिळवायचे हेही ठाऊक होते. महाराष्ट्रात जेवढी जुनी नाट्यगृहे आज उभी आहेत, त्या प्रत्येकाची अशी मोजणी तातडीने व्हावी, आणि तिचे दप्तर एखाद्या अधिकाऱ्याच्या कपाटात न ठेवता सार्वजनिक करावे, ही मागणी मी या निमित्ताने करतो.

कोल्हापुरात ही मोजणी यंत्राने झाली असो वा नसो, कानाने ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत, मी कॉलेजात असताना, आमच्या तालमीच्या दिग्दर्शकांनी प्रयोगाच्या दिवशी सकाळी आम्हांला रंगमंचावर उभे केले आणि एका मुलाला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत धाडले; त्याने उजवा हात वर धरून उभे राहायचे आणि ज्या क्षणी शब्द कळेनासा होईल त्या क्षणी हात खाली घ्यायचा, एवढेच त्याचे काम. नेपथ्यवाल्यांची ठोकाठोक चालू होती, विंगांना झालरी बांधल्या जात होत्या, आणि नाटकातील आई अर्ध्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच बोलत होती. हात वरच राहिला. मग दिग्दर्शकांनी तिला पाठ फिरवून, मागच्या पडद्याकडे तोंड करून तेच वाक्य बोलायला लावले, तेव्हा तो हात हळूहळू खाली आला. त्या दुपारी आमच्या प्रयोगातील तीन-चार जागा बदलल्या गेल्या, कारण कोणत्या दिशेने तोंड करून बोलल्यास आवाज टिकतो हे आम्हांला त्या भिंतींनीच शिकवले होते. ज्यांनी कधी अशा वास्तूत काम केले नाही, त्यांना हे नाट्यगृह म्हणजे एक जुनी इमारत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिचा निर्णय करताना ज्यांनी त्या रंगमंचावर तोंड उघडले आहे त्यांची साक्ष आधी घ्यायला हवी.

मूळ कोणते, हा आक्षेप मी अधिक आदराने घेतो, कारण त्यात तथ्य आहे. १९१५ ची वास्तू १९५७ साली होती तशी राहिली नव्हती. शताब्दीच्या सुमारास पुन्हा नूतनीकरण झाले, आसने, प्रकाशयोजना आणि आतील सजावट बदलली. प्रत्येक काळाने त्यात भर घातली आणि काही काढूनही घेतले. तेव्हा जसेच्या तसे म्हणजे नेमके कोणत्या सालचे, असा प्रश्न विचारला जातो. माझे उत्तर असे की, वास्तूतील सर्व फेरफार एकाच तराजूत घालू नयेत. प्रेक्षागृहाची उंची आणि उतार, रंगमंचाच्या मुखाचे माप, बाल्कनीचा पुढे आलेला कठडा, खांबांवाचून पेललेले छप्पर, हे त्या वास्तूचे शरीर. ते शाहूकालीन नकाशे, छायाचित्रे आणि उभ्या भिंती यांच्या आधाराने सिद्ध करावे. केशवरावांचे नाव हे स्वातंत्र्योत्तर नगरीने वास्तूला दिलेले दान. ते राहावे, कारण तेही आता इतिहास झाले आहे. मात्र सोयीसाठी पुढे खोट्या छताच्या पातळ फळ्या बसवल्या गेल्या, भिंतींवर चकचकीत आवरणे चढली, जागा वाचवण्यासाठी आसनांमधली वाट आवळली गेली, असले जे काही नंतर चिकटले असेल ते परत आणण्याचे बंधन कोणावर नाही. जुन्या वास्तूचा पुरस्कार करणारा माणूस तिच्या प्रत्येक जुन्या चुकीचाही पुरस्कार करतो, असे गृहीत धरू नये.

आणि येथे मला माझ्याच पक्षातील भावनाशील मित्रांना दुखवावे लागणार आहे. 'जसेच्या तसे' या मागणीत जर जुनी वायरिंग, रंगमंचामागील लाकडी सामानाचा साठा आणि मैदानाच्या बाजूने विनाअडथळा येऊ शकणारी ज्वाला हीही अभिप्रेत असतील, तर त्या मागणीशी माझा काही संबंध नाही. बार्सिलोनाचे लिसेउ हे १८४७ चे नाट्यगृह ३१ जानेवारी १९९४ रोजी जळाले ते रंगमंचावरील लोखंडी पडद्याच्या दुरुस्तीच्या वेळी उडालेल्या ठिणगीने. व्हेनिसची आग तर कामाला उशीर झाल्याने दंड भरावा लागेल या भीतीपोटी नूतनीकरणाच्या विजेच्या मक्तेदाराने लावली, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे या दोन्ही वास्तू उपेक्षेने जळाल्या नाहीत, दुरुस्ती चालू असताना जळाल्या. लिसेउच्या चालकांनी पुढे जे केले ते अनुकरणीय आहे : प्रेक्षागृह जुन्या रूपात बांधले, परंतु पडद्यामागचा सारा भाग, यंत्रसामग्री, सामानाची जागा आणि रंगमंचाची खोली संपूर्ण नव्या शास्त्राने उभारली, आणि १९९९ च्या ऑक्टोबरात नाट्यगृह खुले झाले. कोल्हापुरातही याच दिशेने जावे. प्रेक्षागृहाचे माप शाहूकालीन असावे. रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये काही क्षणांत खाली येणारा अग्निरोधक पडदा, रंगमंचावरील छतात धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, आपोआप पाणी सोडणारे फवारे, आणि खासबागेच्या व्यासपीठाकडील बाजूस पूर्ण उंचीची अग्निरोधक भिंत हे सर्व आजचे असावे. १८८१ साली व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला आग लागून शेकडो प्रेक्षक गुदमरले व होरपळले, त्यानंतर युरोपभर असे नियम कडक झाले. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग चालू नव्हता आणि प्रेक्षागृह भरलेले नव्हते, हे आपले केवढे दैव! पुढील वेळी त्या दैवावर भिस्त ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पैशाचा आक्षेप राहतो. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कोल्हापूरची जी दैना केली ती ज्यांनी पाहिली, त्यांच्या तोंडी 'आधी पाणी, मग नाटक' हे शब्द आले तर त्यांना दोष देता येत नाही. तथापि या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत हे गृहीतच मला मान्य नाही, आणि ते खोडून काढण्यास कोल्हापूरचाच दाखला पुरेसा आहे. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा जाहीरनामा काढणारा राजा, भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधण्याचे काम १९०९ च्या सुमारास हाती घेणारा राजा, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा राजा, आणि १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभारणारा राजा, हा एकच राजा आहे. त्याच्या संस्थानात रयत काही श्रीमंत नव्हती, दुष्काळाची आठवण ताजी होती, आणि धरणासारखे प्रचंड काम अर्ध्यावर होते. तरीही त्याला असे वाटले नाही की, कालवा पुरा होईपर्यंत गाणे थांबवावे. त्याच्याच दरबारी अल्लादिया खाँसाहेब गात होते, त्याच्याच नगरीत आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत होते, आणि पुढे त्याच पडदे रंगवणाऱ्या हातांतून कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा जन्म झाला. रयतेला पाणी, शिक्षण आणि नाटक ही तिन्ही हवीत, आणि ती तिन्ही देणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असा या कारभाराचा आशय मला दिसतो. तेव्हा शाहू महाराजांचे नाव घेऊन नाट्यगृहावरचा खर्च उधळपट्टी ठरवणे, हे निदान कोल्हापुरात तरी कोणी करू नये.

शिवाय व्यापारी संकुलातून नाट्यगृह स्वतःचा खर्च भागवील, हा हिशेबही मला पटत नाही. पुण्यात १९६८ साली खुल्या झालेल्या बालगंधर्व रंगमंदिराबाबत हीच भाषा गेली काही वर्षे ऐकू येत आहे : पाडा, दुकाने काढा, वर तीन सभागृहे चढवा. अशा योजनांत जमिनीचे मोल प्रथम ठरते, दुकानांचे क्षेत्रफळ दुसऱ्या क्रमांकाला ठरते, आणि नाटकाला उरलेली जागा मिळते. मग त्या उरलेल्या जागेत घनफळ कसे बसवायचे, हे ध्वनितज्ज्ञाला सर्वांत शेवटी विचारले जाते. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले आणि तेवीस वर्षांनी, २०१६ साली, जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडले. त्या तेवीस वर्षांत ते पाडून त्या मोक्याच्या जागेवर मनोरा बांधणे किती फायद्याचे झाले असते याचा हिशेब कोणीही मांडू शकला असता. ते पाडले गेले नाही, आणि २०१७ साली युनेस्कोने त्या जीर्णोद्धाराचा गौरव केला. तेथे खासगी मालकाने जेवढा धीर धरला, तेवढा कोल्हापूरच्या सार्वजनिक मालकाने, म्हणजे महापालिकेने, धरू नये काय?

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाने उचलून धरली नाही, आणि ती त्यांच्या व माझ्या दोघांच्याही म्हणण्याहून अधिक महत्त्वाची आहे. नाट्यगृहे एका रात्रीत जळतात, पण ती जळण्यायोग्य व्हायला वर्षे लागतात. पडद्यामागच्या जागेत एका प्रयोगाचे नेपथ्य उतरत नाही तोच दुसऱ्याचे चढते, मोडके फ्लॅट कोपऱ्यात साठतात, विजेच्या पेटीतून तात्पुरती म्हणून काढलेली वाहिनी कायमची होते, आणि अग्निशामक नळकांड्याची मुदत संपल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण लक्ष ठेवणे हे कोणाचेच नेमलेले काम नसते. नूतनीकरणासाठी एकरकमी निधी मंजूर होतो. देखभालीसाठी दरसाल तरतूद करण्याचा ठराव मात्र अंदाजपत्रकाच्या पहिल्याच कात्रीत सापडतो. पुनर्बांधणीबरोबरच महापालिकेने या नाट्यगृहासाठी एक पूर्णवेळ तांत्रिक अधिकारी नेमावा, रंगमंचाची वीजव्यवस्था, पडद्यामागील सामान आणि अग्निसुरक्षा यांची जबाबदारी त्याच्या नावावर लेखी असावी, त्याची जागा आस्थापना-सूचीत कायम मंजूर व्हावी, दर नाट्यप्रयोगापूर्वी त्याची स्वाक्षरी आवश्यक असावी, आणि तपासणीत उणीव आढळल्यास तिसरी घंटा वाजू न देण्याचा अधिकार त्याला असावा. मग समोर मंत्री बसलेले असोत, की तिकिटे संपून लोक दाराशी ताटकळत असोत.